तोंड उघडू न देणाऱ्या आज्जी-आजोबांच्या दातांची निगा कशी ठेवायची? (वृद्धाश्रम, खानापूर तालुका)

मलप्रभा_काठ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमाची व्यवस्था बघतो. सध्या २८ जण आहेत. ९ जण पूर्ण अंथरुणावर, ६ जणांना स्मृतिभ्रंश, ११ जणांना पूर्ण किंवा अर्धी कवळी. दिवसपाळीला ३ मावशी, रात्री १. अंघोळ, औषधं, जेवण, कपडे यांचं वेळापत्रक भिंतीवर लावलंय. तोंडाचं नाही. ज्यांना जमतं ते स्वतः घासतात, बाकीच्यांच्या तोंडातून ओलं फडकं फिरवतो, तेही वेळ मिळाला तर.

अडचणी अशा:

अंथरुणावरच्यांच्या तोंडात पाणी घातलं की ठसका लागतो, म्हणून मावशी घाबरतात. स्मृतिभ्रंश असलेले दोघे ब्रश बघितला की हात झटकतात, एक आज्जी चावतात. कवळ्या एकाच बादलीत धुतल्या जातात आणि दोनदा अदलाबदल झाली. रात्री कवळी काढायची की ठेवायची यावर घरचे एक सांगतात, मावशी दुसरं. चौघे-पाचजण अजून मिश्री लावतात, सोडायला तयार नाहीत. गिळायला जड जाणाऱ्यांना गोळ्या कुटून गुळातून देतो, ते दातांना कितपत वाईट हेही सांगा.

प्रत्येकाला बेळगावला नेणं शक्य नाही. इथल्या इथे रोज काय करता येईल, कशाने, किती, कुणी, असं नेमकं हवंय.

दंतवैद्य_टिळकवाडी

आधी माणसं वाटून द्या. कुठल्या मावशीकडे कोणते आज्जी-आजोबा, नावानिशी. "सगळ्यांनी सगळ्यांचं बघायचं" असं ठरलं की तोंड नेहमी शेवटी राहतं. तुमच्याकडे पूर्ण मदत लागणारे साधारण १५ जण. एकाला ५ मिनिटं धरली तर ७५ मिनिटं, म्हणजे तीन मावशींना प्रत्येकी २५ मिनिटं. एवढा वेळ दिवसपाळीत बसवता येतो.

दिवसातून दोनदा हवं. एकदाच जमणार असेल तर रात्रीच्या जेवणानंतरचं सोडू नका. झोपेत लाळ कमी होते आणि तोंडातले जंतू रात्रभर वाढतात. रात्री एकच मावशी असते, म्हणून जेवण थोडं आधी उरका आणि दिवसपाळी सुटायच्या आत तोंडं करून घ्या.

हा नुसता दातांचा विषय नाही. गिळण्याचे स्नायू कमजोर झाले की लाळ थोडी थोडी श्वासनलिकेत उतरते. लाळेत जंतू भरलेले असले की तेच फुप्फुसात जातात आणि न्यूमोनिया होतो. जपानमधल्या ११ नर्सिंग होममध्ये दोन वर्षं केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटात काळजी घेणाऱ्यांनी प्रत्येक जेवणानंतर दात घासून दिले आणि आठवड्यातून एकदा दंतवैद्यक पथकाने तोंड साफ केलं. त्या गटात ११ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, दुसऱ्या गटात १९ टक्के. तिथे वापरलं होतं मुख्यतः ब्रशच.

आता सामान. प्रत्येकाला लहान डोक्याचा, मऊ केसांचा ब्रश. मोठ्यांसाठीचा मोठा वाटला तर लहान मुलांचा घ्या. केस वाकले की बदला, नाहीतर दर तीन महिन्यांनी. ज्यांची बोटं वाकत नाहीत पण घासायची इच्छा आहे, त्यांच्या ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवा. कुठल्याही सायकल दुकानात मिळते. स्वतः घासणाऱ्याचा हात काढून घेऊ नका; त्याने घासू दे आणि शेवटची अर्धी-एक मिनिट मावशींनी मागच्या दाढा पुऱ्या कराव्यात.

पेस्ट फ्लोराइडची, वेष्टनावर साधारण १००० पीपीएम लिहिलेलं असतं. थुंकता येणाऱ्यांना वाटाण्याएवढी. घासून झाल्यावर फेस थुंकायचा, वर खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. थुंकता न येणाऱ्यांना तांदळाच्या दाण्याएवढी, नुसती केसांना चोपडल्यासारखी. कमी फेसाची पेस्ट मिळाली तर उत्तम, कारण ठसका बऱ्याचदा फेसानेच लागतो.

राखुंडी, कोळशाची पूड, लाल दंतमंजन, मीठ चोळणं हे सगळं बंद करा. उतारवयात हिरड्या खाली सरकून दाताची मुळं उघडी पडलेली असतात. मुळावर इनॅमलचं कवच नसतं, त्यामुळे खरखरीत पूड तिथे खाच पाडते आणि त्या खाचेतून कीड थेट आत जाते. मुळाची कीड दुखायच्या आधीच दात मानेतून मोडू शकतो, आणि मोडलेला तुकडा गिळला किंवा श्वासात ओढला गेला तर मोठा प्रसंग.

गुळाचं विचारलंत. किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं याने दात जास्त बिघडतात. दिवसातून चार वेळा गोळी गुळातून म्हणजे चार वेळा गुळाचा लेप, तोही लाळ कमी असलेल्या तोंडात. गोळी कुटून चमचाभर वरण-भाताच्या पेजेतून किंवा दह्यातून देता येते का ते डॉक्टरांना विचारा. विचारायचं एवढ्यासाठी की काही गोळ्या कुटायच्याच नसतात, पोटात हळूहळू विरघळाव्यात म्हणून त्यांच्यावर थर दिलेला असतो, आणि काही औषधं दुधा-दह्याबरोबर चालत नाहीत. भेटायला येणारे कुंदा, करदंट अशी मिठाई आणतात. ते जेवणाच्या ताटातच वाढा, उशाशी डबा ठेवू नका. करदंट तर दाढांच्या खाचेत तासन् तास चिकटून राहतो.

निपाणी_परिचारिका

डॉक्टरांनी सामान सांगितलंच आहे, मी हाताची पद्धत सांगते. मावशींना हे एकदा करून दाखवावं लागेल, नुसतं वाचून जमत नाही.

अंथरुणावरचे: ठसका लागतो तो पाठीवर सपाट झोपवून तोंडात पाणी ओतल्यामुळे. पाणी ओतायचंच नाही. खाटेचं डोकं वर करा, निदान ४५ अंश. फिरतं डोकं नसेल तर पाठीला दोन-तीन कडक उशा. हनुवटी किंचित छातीकडे. डोकं मागे टाकलं की श्वासनलिकेची वाट मोकळी होते, म्हणून "तोंड वर करा" म्हणायचं नाही. बसताच येत नसेल तर कुशीवर वळवा, गालाखाली टॉवेल आणि वाकडी ट्रे; थुंकी आपोआप बाहेर ओघळते. पक्षाघात झालेला असेल तर चांगली बाजू खाली, लुळी बाजू वर. लुळ्या गालात अन्न साठून राहतं आणि त्यांना ते कळत नाही. वर असली म्हणजे ती बाजू तुम्हाला दिसते आणि साफ करता येते.

हात धुवा, हातमोजे घाला, प्रत्येकासाठी नवी जोडी. टॉर्च लावून आधी आत बघा. गालात, टाळूला, जिभेखाली भात, गोळ्या, चिकट थुंकी असेल तर ती पहिल्यांदा काढायची, नाहीतर ब्रशने आत ढकलली जाईल. ओल्या, घट्ट पिळलेल्या गॉजने, बोट गालाच्या बाजूने फिरवत. दातांच्या मध्ये बोट कधीही घालायचं नाही. ओठ कोरडे असतील तर ब्रशच्या आधी ओले करा. कोरडे ओठ ताणले की फाटतात आणि पुढच्या वेळी ते तोंड उघडत नाहीत.

मग ब्रश पाण्यात बुडवून झटकून घ्यायचा. हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे तिरका धरून छोटे गोल. आधी बाहेरच्या बाजू, मग आतल्या, मग चावायची बाजू. दर थोड्या वेळाने थांबून गॉजने फेस टिपायचा आणि त्यांना गिळायला अवधी द्यायचा. जीभ मागून पुढे दोन-तीनदा, हलक्या हाताने. फार मागे गेलात तर उमासा येतो. एकही दात नसला तरी हिरड्या, टाळू, गाल आणि जीभ रोज पुसायचीच. "दात नाहीत म्हणजे काम नाही" असा समज सगळीकडे आहे. आणि जेवणानंतर लगेच आडवं करू नका, अर्धा तास तरी बसतं ठेवा.

हिरडीतून रक्त आलं की मावशी ब्रश बंद करतात. उलट आहे. रक्त बहुतेक वेळा साचलेल्या मळामुळे सुजलेल्या हिरडीतून येतं, नियमित घासलं की आठ-दहा दिवसांत कमी होतं. रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल तर थोडं जास्त येईल, तरी मऊ ब्रश चालू ठेवा. थांबतच नसेल तर डॉक्टर.

काठीला लावलेल्या स्पंजच्या बोंड्या विकत मिळतात. दातावरचा मळ त्यांनी निघत नाही, आणि चावल्या तर बोंडी सुटून घशात जाऊ शकते. लिंबू-ग्लिसरीनचे बोळे तर नकोच. आंबटाने दात झिजतात आणि ग्लिसरीनने तोंड आणखी कोरडं पडतं. कोरड्या तोंडाला दर तासा-दोन तासाला ओल्या गॉजने पुसणं किंवा स्प्रे-बाटलीतून पाण्याचा एखादा फवारा पुरतो. ओठांना पातळ थर पेट्रोलियम जेलीचा, पण ऑक्सिजन चालू असलेल्यांना नाही, तिथे पाण्यात विरघळणारं मलम.

चावणाऱ्या आज्जींबद्दल. चावणं म्हणजे बहुधा भीती किंवा दुखणं. मागून किंवा बाजूने अचानक हात आला की कुणीही दचकेल. समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसा. नावाने हाक मारा, त्यांच्या घरच्या भाषेत. ज्यांची मातृभाषा कन्नड आहे त्यांना मराठीतून सूचना देऊन उपयोग नाही. स्मृतिभ्रंशात पुढे शिकलेली भाषा आधी निसटते. मावशींना चार वाक्यं पाठ असू देत: "बायी तेगीरी" तोंड उघडायला, "हल्लु तिक्कोण" दात घासूया, "उगुळ्री" थुंका, "नोव ऐतेन्री?" दुखतंय का.

आधी त्यांच्याच हातात ब्रश द्या आणि दुसरा ब्रश घेऊन आपण घासून दाखवा. तोंडापाशी गेलेल्या ब्रशला हात ओळखतो, डोकं विसरलं तरी. उचलता येत नसेल तर त्यांच्या हातावर आपला हात ठेवून सुरुवात करून द्या. दुसऱ्या हाताला काहीतरी धरायला द्या: नॅपकिन, जपमाळ. अभंग किंवा भजन चालू असलं तर पुष्कळांचा जबडा सैल पडतो. तरीही नाही म्हणाल्या तर थांबा, २०-३० मिनिटांनी किंवा दुसऱ्या मावशींना पाठवा. हात धरून, नाक दाबून, चमच्याने जबडा उचकटून कधीच नाही. दात मोडतो, ओठ चिरतो आणि पुढचे कित्येक दिवस तोंड बंद होतं.

थोडं उघडतात पण मिटून घेतात अशांना दोन ब्रश वापरा. एकाच्या पाठीने गाल हळूच बाहेर ओढून धरायचा, दुसऱ्याने घासायचं. मिटलेल्या दातांच्याही बाहेरच्या बाजू अशा पूर्ण निघतात, आणि सुरुवातीला तेवढं पुष्कळ आहे.

दंतवैद्य_टिळकवाडी

ताईंनी दुखण्याचं म्हटलंय त्यात भर. बोलून सांगता न येणाऱ्याचं दुखणं वागण्यात दिसतं: एकाच बाजूने चावणं, भाकरी सोडून फक्त पेज मागणं, गालाला हात लावून बसणं, आतापर्यंत घातलेली कवळी अचानक नाकारणं, रात्री कण्हणं, ठरावीक ठिकाणी ब्रश गेला की हात झटकणं. आज्जी नेहमी एकाच बाजूला चावतात का ते बघा. तसं असेल तर तिथे टॉर्च मारा.

महिन्यातून एकदा प्रत्येकाची तपासणी लिहून ठेवा. आठ गोष्टी: ओठ, जीभ, हिरड्या व गाल-टाळू, लाळ, स्वतःचे दात, कवळी, स्वच्छता, दुखणं. प्रत्येकाला ०, १ किंवा २. शून्य म्हणजे ठीक, दोन म्हणजे बिघडलेलं. एकूण १६ पैकी. ऑस्ट्रेलियात वृद्धाश्रमांसाठी रुळलेली हीच पद्धत परिचारिकाही वापरतात, त्याला दंतवैद्य लागत नाही. एखाद्या रकान्यात २ आले तर आम्हाला फोटो पाठवा किंवा दाखवा, एकूण बेरीज कमी असली तरी.

औषधांची यादीही त्याच वहीत. अॅमलोडिपिन (रक्तदाबाचं) आणि फेनिटॉइन (फिट्सचं) यांनी हिरड्या फुगून दातांवर चढू शकतात. झोपेची, मानसिक आजाराची, लघवीची, सर्दीची बरीच औषधं तोंड कोरडं करतात. दम्याचा स्टिरॉइड पंप घेतल्यावर चूळ भरली नाही तर टाळूवर पांढरी बुरशी धरते. हाडांच्या ठिसूळपणासाठी अॅलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक अॅसिड चालू असेल तर दात काढण्याआधी दंतवैद्याला सांगायलाच हवं, काढलेल्या जागी जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. अॅस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंद करून आणू नका.

क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के ही जंतुनाशक चूळ ब्रशला पर्याय म्हणून रोज वापरतात, ते टाळा. दंतवैद्याने सांगितलं तर ठरावीक दिवस. दात तपकिरी पडतात, चव जाते. पेस्टनंतर लगेच वापरलं तर पेस्टमधला फेस करणारा घटक त्याचं काम मारतो, म्हणून मध्ये निदान अर्धा तास. गिळताना ठसका लागणाऱ्याला चूळ द्यायची नाही. ब्रश त्यात बुडवून, निथळून फिरवायचा. दाढ दुखते म्हणून लवंग तेलाचा बोळा नुसता भरून ठेवणं किंवा हिरडीवर अॅस्पिरिनची गोळी दाबणं, दोन्हींनी कातडी भाजते.

आता मिश्री. निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखू घरातलीच, त्यामुळे सत्तरीच्या आज्जींना ती दात घासायची पूड वाटते. एकदम हिसकावली तर चिडचिड, झोप उडणं, पोट साफ न होणं होतं, आणि मग त्या लपवून लावतात. वेळा कमी करत जा, चारावरून तीन, तीनावरून दोन. सकाळची आणि रात्रीची वेळ ब्रशला द्या. बाकी काही जमलं नाही तरी या चौघा-पाचजणांचं तोंड महिन्याला नीट बघाच: मिश्री जिथे दाबून धरतात ती जागा, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, कडक गाठ, कारण न कळता हललेला दात, यातलं काहीही दिसलं तर थेट दंत महाविद्यालयात. दुखत नाही म्हणून थांबू नका, कर्करोग सुरुवातीला दुखत नाही. सुपारी खाणाऱ्यांचं तोंड बोटभरच उघडत असेल तर तो हट्ट नसून गालाची कातडी आवळलेली असू शकते. तिथे बळ लावू नका.

त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं ते: जबड्याखाली किंवा गालाला वाढती सूज, सोबत ताप, गिळता न येणं, जीभ वर उचलली जाणं, श्वास लागणं.

कवळी_लॅब_शहापूर

कवळ्यांचं मी सांगतो.

रात्री काढायची. रोज सहा ते आठ तास हिरडीला मोकळं राहू द्यावं. कवळीखाली लाळ पोचत नाही, तिथे बुरशी वाढते आणि टाळू लालभडक होतो. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या लोकांचा अभ्यास झालाय, त्यात कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचं प्रमाण दुपटीहून थोडं जास्त दिसलं.

काढताना खालची आधी, घालताना वरची आधी. वरची चिकटून बसली असेल तर ओढू नका. पुढच्या दातांमागे अंगठा ठेवून वर-बाहेर दाबा, आत हवा शिरली की सुटते. बेसिनमध्ये पाणी भरून किंवा खाली टॉवेल अंथरून धुवायची, बहुतेक कवळ्या नळाखाली हातातून निसटूनच फुटतात. ब्रश वेगळा, साबण भांडी घासायचा पातळ किंवा हात धुवायचा. टूथपेस्ट नको, तिने अॅक्रेलिकवर बारीक चरे पडतात आणि बुरशी त्यातच घर करते. उकळतं पाणी कधीच नाही, कवळी वाकडी होते आणि पुन्हा बसत नाही.

रात्री प्रत्येकाच्या नावाच्या झाकणाच्या डबीत, साध्या पाण्यात बुडलेली. कोरडी ठेवली तर आकार बदलतो. पाणी रोज नवं. टाळू लाल असेल तर कवळीही निर्जंतुक करावी लागते: घरगुती ब्लीचचा एक भाग, पाण्याचे दहा भाग, दहा मिनिटं, जास्त नाही, मग भरपूर पाण्याने धुवायची. धातूची तार किंवा पट्टी असलेल्या कवळीला ब्लीच चालत नाही, ती ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनमध्ये पंधरा मिनिटं. टाळूला डॉक्टरांनी दिलेलं औषध लावताना कवळी बाहेर हवी. एकट्या टाळूचा इलाज केला तर आठवड्याने पुन्हा तेच.

अदलाबदल थांबवायला खूण. बाहेरच्या बाजूला, गालाकडे, मागे, एक सेंटीमीटर जागा बारीक पॉलिश कागदाने घासून त्यावर कायम शाईच्या पेनाने आश्रमाच्या रजिस्टरचा क्रमांक लिहा आणि वर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात. पूर्ण वाळल्यावर धुवून मगच तोंडात. हिरडीला टेकणाऱ्या बाजूला लिहायचं नाही. वर्षात एकदा-दोनदा पुन्हा करावं लागेल. नाव लिहिलं तर मराठी की कन्नड हा घोळ होतो, इंग्रजी आकडे सगळ्या मावशींना वाचता येतात. नवी कवळी करताना लॅबला सांगितलं तर नावाची पट्टी आतच बसवता येते.

फुटली तर घरी झटपट गोंदाने चिकटवू नका. तुकडे केसभर सरकून बसतात, गोंद घट्ट झाला की आम्हाला तो खरवडावा लागतो आणि जोड जुळत नाही. सगळे तुकडे, अगदी बारीकही, ओल्या कापसात गुंडाळून पाठवा.

मलप्रभा_काठ

फार उपयोगी. वही आणि डब्यांचं आजच करतो. दोन शंका. एक, मिरज-कोल्हापूर सोडून इथल्या जवळ पथक येऊन बघू शकेल का? दोन, एका आजोबांना कवळीच नाही, बीपीएल कार्ड आहे, खर्च झेपणार नाही.

दंतवैद्य_टिळकवाडी

बेळगावात दोन दंत महाविद्यालयं आहेत, केएलईचं व्ही. के. दंतविज्ञान संस्था आणि मराठा मंडळाचं हलगेकर दंत महाविद्यालय. दोन्हीकडे सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्र हा विभाग आहे, शिबिरांचं काम तिकडेच असतं. आश्रमाच्या लेटरहेडवर अर्ज द्या, त्यात माणसं किती, अंथरुणावर किती, व्हीलचेअरवर किती, आणि वरची महिन्याची तपासणी जोडा. ती यादी हातात असली की कुणासाठी काय सामान आणायचं हे त्यांना आधीच कळतं, नाहीतर पहिला दिवस नुसत्या तपासणीत जातो.

कवळीसाठी कर्नाटक सरकारची दंत भाग्य योजना आहे, बीपीएल ज्येष्ठांना मोफत कवळी मिळते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन महाविद्यालयात किंवा तालुका रुग्णालयाच्या दंत विभागात विचारा. पण आजोबांना आधी विचारा, कवळी हवी आहे का. मापासाठी चार-पाच वेळा जावं लागतं, आणि सुरुवातीचे काही आठवडे ती टोचते. सूचना समजत नसतील किंवा तोंड फार कोरडं असेल तर कवळी डबीतच राहील. अशा वेळी नरम भात, मऊ भाकरी कुस्करून आणि स्वच्छ हिरड्या यावर त्यांचं जेवण चांगलं चालतं.

निपाणी_परिचारिका

एक राहिलं. मावशींना रोज वहीत एकच ओळ लिहायला सांगा: कुणाचं झालं, कुणी नकार दिला, किती वाजता. सलग तीन दिवस नकार दिसला तर चौथ्या दिवशी ब्रश नाही, टॉर्च.